लागरसाठी भांडे निवडताना: आंबवण्याचे वेगळे, थंड साठवणीचे वेगळे

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्ते जर्मनीत नोकरीला असताना काही वर्षे घरी एल प्रकारची, म्हणजे खोलीच्या तापमानाजवळ आंबणारी, बिअर करत असत. आता ते पुण्यात परतले असून एका परिचितांच्या परवानाधारक मायक्रोब्रुअरीच्या मागच्या खोलीत २० लिटरच्या चाचणी-बॅच करण्याची मुभा त्यांना मिळाली आहे आणि यावेळी त्यांना लागर, म्हणजे थंडीत आंबवून पुढे कित्येक आठवडे थंडच साठवायची बिअर, करायची आहे. त्यांच्याकडे ३० लिटरची झाकणाची प्लास्टिक बादली, २० लिटरची काचेची मोठी बरणी आणि १९० लिटरचा एकदारी जुना फ्रिज आहे. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर तिथे मिळू शकतो, पण मोठ्या टाक्या आणि त्यांना थंड ठेवणारे ग्लायकॉल त्यांच्यासाठी मोकळे नसते. भोसरीतील एका फॅब्रिकेटरकडून शंकूच्या तळाची स्टीलची टाकी बनवून घ्यावी, की आहे त्या भांड्यांत भागवावे, असे त्यांनी विचारले आहे.

परवान्याच्या जागेचा उल्लेख त्यांनी केला हे बरे झाले. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याशिवाय मद्य तयार करण्यास मनाई आहे, आणि ते स्वतःपुरते, स्वतःच्या स्वयंपाकघरात केले म्हणून त्यातून सूट मिळत नाही. पुढचे सर्व विवेचन परवानगी असलेल्या जागेतील छोट्या बॅच गृहीत धरून केले आहे.

माझे उत्तर आधीच सांगतो. टाकी बनवून घेऊ नका. लागरमध्ये भांड्याला दोन निरनिराळी कामे करावी लागतात. पहिले काम वॉर्ट, म्हणजे माल्टचा गोड काढा, आंबवण्याचे, आणि ते जवळजवळ कोणतेही स्वच्छ, अन्नास योग्य भांडे नीट करते. दुसरे काम तयार झालेली बिअर शून्य ते चार अंशांत कित्येक आठवडे हवेचा स्पर्श न होऊ देता सांभाळण्याचे, आणि ते फार थोडी भांडी नीट करतात. म्हणून पैसे दुसऱ्या भांड्यावर खर्च करावेत. ते भांडे म्हणजे दाब सहन करणारा १९ लिटरचा स्टीलचा केग, ज्याला सर्वजण कॉर्नी केग म्हणतात.

या निष्कर्षापर्यंत येण्यासाठी सुरुवात भांड्यापासून न करता थंडीपासून करावी लागते. लागरचे यीस्ट, म्हणजे सॅकरोमायसीस पास्टोरियानस, साधारण ८ ते १३ अंशांत उत्तम काम करते. त्यानंतर डायअॅसिटिल हा लोण्यासारखा वास देणारा घटक यीस्टने परत शोषून घ्यावा यासाठी दोन-तीन दिवस बिअर १६ ते १८ अंशांवर ठेवतात, आणि मग तिला सावकाश शून्याजवळ नेऊन काही आठवडे स्थिर ठेवतात. बव्हेरियात १५५३ साली उन्हाळ्यातील बिअर उत्पादनावर बंदी घालून हंगाम २९ सप्टेंबर ते २३ एप्रिल असा ठरवून दिला गेला, तो या थंडीच्या गरजेपोटीच. आणि १८७० च्या दशकात कार्ल फॉन लिंडे यांची शीतयंत्रे म्युनिकच्या ब्रुअरींत आल्यावरच ते बंधन व्यवहारात सैल झाले. पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा दहाच्या आसपास येतो खरा, पण दुपारी तोच पारा २८-३० पर्यंत चढतो, त्यामुळे खोलीच्या हवेवर लागर करणे कोणत्याही महिन्यात शक्य नाही. एप्रिल-मेमध्ये ओल्या गोणपाटाने किंवा वाळ्याच्या पडद्याने गारवा मिळतो, परंतु ३८ अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असताना बाष्पीभवनाने पोहोचता येणारी तळाची मर्यादा २० अंशांच्या आसपासच असते. एलला तेवढे एक वेळ चालेल, लागरला नाही. म्हणजे तुमचा फ्रिज हेच तुमचे खरे उपकरण आहे आणि भांडे त्यात बसणारे हवे.

तेव्हा आधी फ्रिजचे माप घ्या, आणि तेही नुसत्या लांबी-रुंदी-उंचीवर न थांबता. एकदारी फ्रिजच्या तळाशी मागच्या बाजूला कॉम्प्रेसरचा उंचवटा असतो आणि दारात साच्यातूनच आलेले कप्पे असतात. या दोन्हींमुळे खालची खोली अपेक्षेपेक्षा बरीच कमी भरते. वरचा बर्फाचा कप्पा वाकवून किंवा कापून जागा करण्याचा मोह टाळावा, कारण त्याच्याच पत्र्यातून शीतकाची नळी गेलेली असते. कॉर्नी केगचा व्यास सुमारे २२ सेंटिमीटर आणि उंची ६३ ते ६५ सेंटिमीटर असते. तेवढ्या मापाचे पुठ्ठ्याचे दोन नळकांडे करून ते काचा काढलेल्या फ्रिजमध्ये उभे करून पाहावेत, दार पूर्ण बंद होते का ते तपासावे आणि मगच केग विकत घ्यावेत. तुमची ३० लिटरची बादली रुंद असल्यामुळे ती ठेवल्यावर शेजारी दुसरे काही मावणार नाही, हे यात लगेच लक्षात येईल. फ्रिजऐवजी आडव्या झाकणाचा डीप फ्रीझर घेण्याचा विचार असेल, तर त्यात जागा पुष्कळ मिळते आणि झाकण उघडल्यावर थंडी सांडत नाही. पण भरलेले भांडे कमरेच्या उंचीवरून आत उतरवावे आणि वर काढावे लागते. भरलेली काचेची बरणी २५ किलोंच्या वर जाते. ओल्या हातांनी असे ओझे उचलण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही. पावसाळ्यात अशा फ्रीझरच्या तळाशी पाणी साचून बुरशी धरते, त्यामुळे आत ओलावा शोषणारे सिलिका जेल ठेवून ते वरचेवर वाळवावे लागते.

थर्मोस्टॅट बाहेरचा लावावा. त्याचा सेन्सर फ्रिजच्या हवेत मोकळा सोडू नये. तो भांड्याच्या अंगाला, द्रवाच्या पातळीखाली चिकटवून वरून फोमचा तुकडा बांधावा. याचे कारण किण्वनाच्या उष्णतेत आहे. १२ अंश प्लेटोच्या (म्हणजे वजनाने सुमारे १२ टक्के साखर व इतर विरघळलेले घटक असलेल्या) २० लिटर वॉर्टमधून यीस्ट साधारण दीड किलोहून थोडी अधिक साखर संपवते आणि त्यातून सुमारे ९५० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. ही सगळी उष्णता आतच अडकली, तर बिअर ११ ते १२ अंशांनी तापेल. ती काही दिवसांत विभागून निघते म्हणून प्रत्यक्षात तितकी वाढ होत नाही, पण भर जोमात असताना भांड्यातला द्रव आसपासच्या हवेपेक्षा दोन-तीन अंश गरम असणे नेहमीचे आहे.

इथेच स्टीलबद्दलचा एक पसरलेला समज तपासून घेतला पाहिजे. स्टील उष्णता चांगली वाहते म्हणून स्टीलच्या भांड्यातली बिअर फ्रिजमध्ये लवकर थंड होते, असे म्हटले जाते. तीन मिलिमीटर जाडीच्या प्लास्टिकच्या भिंतीचा उष्णतेला होणारा अडथळा मोजला, तर तो भांड्याभोवतीच्या स्थिर हवेच्या थराच्या अडथळ्याच्या जेमतेम पाच टक्के भरतो. म्हणजे फ्रिजमध्ये गती ठरवणारी गोष्ट हवा आहे, भांड्याची भिंत नाही. आणि काही शे रुपयांचा छोटा पंखा आत बसवल्याने जो फरक पडेल, तो प्लास्टिकच्या जागी स्टील आणल्याने पडणार नाही. भांडे थंड पाण्यात किंवा ग्लायकॉलच्या वेटोळ्यात असेल तर हिशेब बदलतो, कारण तिथे बाहेरचा अडथळाच नाहीसा होतो आणि भिंतीचा वाटा मोठा होतो. मायक्रोब्रुअरीतल्या टाक्या स्टीलच्या असण्यामागे हे एक कारण आहे, पण ते तुमच्या फ्रिजला लागू होत नाही.

आता पहिल्या कामाचे भांडे. तुमची बादली एचडीपीई प्लास्टिकची असावी. तळाशी त्रिकोणात २ हा आकडा पाहून खात्री करा. या प्लास्टिकमधून ऑक्सिजन सावकाश झिरपतो आणि झाकण क्वचितच पूर्ण हवाबंद बसते. तरीही किण्वन चालू असताना आतून कार्बन डायऑक्साइड सतत बाहेर पडत असतो आणि जागे यीस्ट उरलासुरला ऑक्सिजन संपवत असते, त्यामुळे दोन-तीन आठवड्यांपर्यंत बादलीने काही बिघडत नाही. एलपेक्षा लागरचा फेस कमी उसळतो, म्हणून वर पाचवा ते चौथा हिस्सा जागा रिकामी असली तरी पुरते. घासणीने ओरखडे पडू देऊ नका, कारण जंतू त्यात लपतात आणि मग कोणत्याही रसायनाला दाद देत नाहीत. नवी बादली घ्यायची असेल तर बोहरी आळीत हव्या त्या मापाची मिळेल, मात्र रसायने, अत्तरे किंवा लोणच्याचा मसाला भरून आलेले जुने निळे पिंप स्वस्त मिळते म्हणून उचलू नका. प्लास्टिकने एकदा धरलेला वास जात नाही, आणि हलक्या पिवळ्या लागरमध्ये तो लपायला जागाच नसते.

पुण्याच्या हवेमुळे पहिल्या भांड्यावर आणखी एक जबाबदारी येते, जिचा विचार थंड देशांतल्या मार्गदर्शनात फारसा आढळत नाही. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतून येणारे पाणी ३० अंशांच्या आसपास असते, त्यामुळे तांब्याच्या किंवा स्टीलच्या वेटोळ्यातून कितीही पाणी फिरवले तरी वॉर्ट त्याखाली उतरत नाही. उरलेले २० अंश फ्रिजनेच उतरवावे लागतात आणि त्याला जवळजवळ एक दिवस जातो. या काळात यीस्ट टाकलेले नसते, वॉर्ट गोड आणि उघडे असते आणि थंड होताना आतली हवा आकसून बाहेरची हवा आत ओढली जाते. म्हणून हे भांडे यीस्ट टाकण्याआधीचा एक दिवस निर्जंतुक राहू शकेल इतके घट्ट बंद होणारे हवे, आणि हवा आत येण्याच्या वाटेवर निर्जंतुक द्रावणात भिजवलेला कापूस किंवा फिल्टर हवा. यीस्ट गरम वॉर्टमध्येच टाकून मग भांडे थंड करत नेण्याचा सोपा मार्ग मी सुचवत नाही, कारण एस्टर (फळांसारखा वास देणारे घटक) आणि डायअॅसिटिल यांची पायाभरणी त्याच पहिल्या तासांत होते.

काचेच्या बरणीबद्दल मी जरा कठोर आहे. काच ऑक्सिजन अजिबात येऊ देत नाही, हे खरे. पण बरणीच्या तोंडाशी रबरी बूच आणि एअरलॉक (वायू बाहेर सोडणारी पाण्याची अडवण) आला की तो फायदा बराचसा त्या बुचातून निसटतो, आणि सिलिकॉनचे बूच किंवा नळी असेल तर अधिकच, कारण सिलिकॉनमधून ऑक्सिजन फार सहज जातो. साधी काच तापमानाचा मोठा फरक सोसत नाही. फ्रिजमधून काढलेल्या बरणीत गरम पाणी ओतले की तडा जाण्याचा धोका असतो. प्रकाशाचा प्रश्न आहेच: हॉप्समधील कडू घटकांवर निळा किंवा अतिनील प्रकाश पडला की स्कंकसारखा उग्र वास देणारा गंधकयुक्त पदार्थ तयार होतो, आणि खिडकीजवळच्या उन्हात त्याला फार वेळ लागत नाही. बरणी वापरायचीच असेल तर पट्ट्यांच्या जाळीत ठेवून, वर काळे कापड बांधून, फक्त पहिल्या टप्प्यासाठी वापरा. दाब तर तिच्यात कधीही धरू नका. पाण्याचे २० लिटरचे निळे जार पुष्कळदा पॉलिकार्बोनेटचे असतात आणि कॉस्टिकसारख्या तीव्र अल्कलीने ते हळूहळू खराब होतात, म्हणून तेही बाजूला ठेवावेत. दुधाचे अॅल्युमिनियमचे कॅनही कॉस्टिकपुढे टिकत नाहीत. तांबट आळीतील भांडी वॉर्ट उकळायला उत्तम, पण ४.२ ते ४.५ पीएचची बिअर आठवडेच्या आठवडे तांब्यात ठेवली तर तांबे तिच्यात उतरते आणि बिअर लवकर शिळी होते.

दुसऱ्या कामाकडे येतो, कारण खरी कसोटी तिथेच आहे. किण्वन संपून बिअर १८ अंशांवर आहे, बादलीत २० लिटर बिअर आणि वर पाच लिटर रिकामी जागा आहे (तुमच्या ३० लिटरच्या बादलीत ती याहून जास्तच असेल), आणि ती जागा शुद्ध कार्बन डायऑक्साइडने भरलेली आहे असे समजा. आता हे भांडे १ अंशावर नेले. वायू आकसल्याने सुमारे सहा टक्के, म्हणजे पाच लिटरमागे तीनशे मिलिलिटर हवा आत येईल. एवढाच हिशेब बहुतेक जण करतात. त्याहून मोठा भाग वेगळाच आहे. १८ अंशांवर वातावरणाच्या दाबाला एक लिटर बिअर सुमारे ०.९ लिटर कार्बन डायऑक्साइड धरून ठेवते, तर १ अंशावर साधारण १.६५ लिटर धरू शकते. २० लिटर बिअरची वाढलेली भूक १५ लिटर वायूची होते, आणि वर वायू आहे फक्त पाच लिटर. बिअर स्थिर असेल तर हे विरघळणे सावकाश होते, पण लागरिंगला, म्हणजे या थंड साठवणीला, आपण आठवडे देतो. वरचा वायू जसजसा बिअरमध्ये उतरतो, तसतशी त्याची जागा एअरलॉकमधून येणारी हवा घेते.

त्या पाच लिटर हवेत सुमारे १.४ ग्रॅम ऑक्सिजन असतो. तो सगळा बिअरमध्ये गेला, तर लिटरमागे ७० मिलिग्रॅम होतो. त्याचा दहावा हिस्सा गेला तरी ७ मिलिग्रॅम. व्यावसायिक ब्रुअरी बाटलीतल्या बिअरमध्ये लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमहूनही कमी ऑक्सिजन राखण्यासाठी धडपडतात. शून्याजवळच्या तापमानात यीस्ट झोपलेले असते, त्यामुळे किण्वनाच्या काळात मिळणारे त्याचे संरक्षण आता नसते. याचा परिणाम ओल्या पुठ्ठ्यासारखी चव, हरवलेला हॉप्सचा गंध आणि गडद होत जाणारा रंग या रूपात दिसतो. गडद, भाजक्या माल्टच्या एलमध्ये हे काही काळ झाकले जाते, पिल्सनरमध्ये अजिबात नाही. एल करताना तुमची बादली उत्तम चालत होती आणि लागरला ती का चालणार नाही, याचे उत्तर या एका हिशेबात आहे.

बादलीचे तोंड घट्ट बंद करून हे टाळता येत नाही, कारण मग आत निर्वात होऊन प्लास्टिक आत दबते आणि शेवटी झाकण कुठेतरी हवा घेतेच. टाळण्याचा खरा उपाय असा की भांड्यात बाहेरच्यापेक्षा जास्त दाब असावा आणि बिअर थंड होताना लागणारा वायू सिलिंडरमधून मिळत राहावा. म्हणूनच केग. चांगल्या स्थितीतल्या कॉर्नी केगवर बहुधा १३० पीएसआय, म्हणजे सुमारे ९ बार, अशी मर्यादा कोरलेली असते आणि आपल्याला लागतो त्याच्या दहाव्या भागाहूनही कमी. २ अंशांवर बिअरमध्ये अडीच व्हॉल्यूम (म्हणजे बिअरच्या आकारमानाच्या अडीच पट) वायू हवा असेल, तर तापमान आणि दाबाच्या तक्त्यात गेजवर ०.७ बार दाब दिलेला असतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने इथला हवेचा दाब सहा टक्के कमी असतो, म्हणून गेजवर साधारण ०.०६ बार जास्त धरावा. केगचा आणखी एक गुण असा की काही न हलवता, न उघडता त्यातूनच बिअर वाढता येते.

केग जुना घेणार असाल तर झाकणाची मोठी ओ-रिंग, दोन्ही पोस्टच्या (वायूची आणि द्रवाची नळी जोडायच्या तोट्यांच्या) आणि आतल्या नळ्यांच्या रिंगा, सर्व नव्या घाला, कारण केगमध्ये आधी भरलेल्या शीतपेयाच्या सरबताचा वास रबरातच राहतो. कमी दाबाला झाकण पुष्कळदा गळते. प्रथम दोन बार दाब देऊन ते बसवावे, साबणाचे पाणी लावून तपासावे आणि मग दाब हव्या त्या पातळीवर आणावा. सिलिकॉनची रिंग मऊ असल्याने पटकन बसते म्हणून लोकप्रिय आहे, पण दीर्घ साठवणीसाठी मी ईपीडीएम किंवा नायट्राइलची रिंग घेतो. आत दाब आहे म्हणजे ऑक्सिजन आत येऊ शकत नाही, ही समजूत चुकीची आहे. रबरातून झिरपताना प्रत्येक वायू स्वतःच्याच दाबातील फरकाने चालतो आणि आत ऑक्सिजन नसल्यामुळे बाहेरचा ऑक्सिजन आत यायला पाहतोच.

मी तुम्हाला दोन केगांची जोडी सुचवतो. पहिल्या केगमध्ये फक्त १५-१६ लिटर वॉर्ट आंबवावे, आणि त्याची तळापर्यंत जाणारी नळी काढून तिथे तरंगती नळी, म्हणजे फ्लोटिंग डिप ट्यूब, बसवावी. ती वरच्या निवळ थरातून बिअर घेते आणि तळाचा यीस्टचा थर ढवळला जात नाही. बॅच थोडी लहान होते, हे मान्य आहे, पण त्या मोबदल्यात सगळे काम बंद भांड्यांत होते. किण्वनातून निघणारा वायू वाया घालवू नका. २० लिटर वॉर्टमधून सुमारे ४०० लिटर कार्बन डायऑक्साइड निघतो, १५ लिटरमधून तीनशे. तो दुसऱ्या रिकाम्या, निर्जंतुक केगच्या लांब नळीतून तळाशी सोडून दुसऱ्या पोस्टमधून पाण्याच्या बाटलीत काढला, तर त्या केगमधली हवा पंधरा-सोळा वेळा बदलली जाते आणि सिलिंडर न उघडताही तो भांडे भरायला तयार होतो.

गुरुत्व (पाण्याच्या तुलनेत द्रवाची घनता, जी साखर संपत जाते तशी उतरते) अंतिम आकड्यापासून तीन-चार अंक दूर असताना, म्हणजे उदाहरणार्थ १.०१० वर थांबणार असेल तर १.०१३ किंवा १.०१४ वर, बिअर द्रवाच्या पोस्टमधून द्रवाच्या पोस्टमध्ये अशी दुसऱ्या केगमध्ये न्यावी आणि दाब राखून जास्तीचा सोडून देणारा स्पंडिंग व्हॉल्व्ह लावावा. गुरुत्वाचा एक अंक उतरताना सुमारे अर्धे व्हॉल्यूम वायू मिळतो, त्यामुळे बिअरला लागणारा फेस ती स्वतःच तयार करते आणि सोबत आलेले यीस्ट या बदलीत शिरलेला थोडासा ऑक्सिजनही संपवते. डायअॅसिटिलची विश्रांती याच केगमध्ये होते. पुण्यात त्यासाठी उन्हाळ्यात फ्रिज नुसता वर सेट करणे पुरते, तापवण्याची वेगळी सोय लागत नाही. हे दाब धरणे मात्र फार लवकर सुरू करू नये. लागरचे यीस्ट किण्वनात सडक्या अंड्यासारख्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड सोडते, तो मोकळा निघून जायला हवा असतो. भांडे सुरुवातीपासून घट्ट बंद ठेवले तर त्यातला काही आतच राहतो. राहिलाच, तर दिवसातून एकदा थोडा दाब सोडून पुन्हा भरत गेल्याने तो कमी होतो.

दाबाखाली १८ ते २० अंशांवर लागर आंबवण्याची पद्धतही आहे. सुमारे एक बार दाबाने यीस्टचे एस्टर बनवणे कमी होते आणि डब्ल्यू-३४/७० सारखे सोशिक यीस्ट त्यात स्वच्छ बिअर देते. फ्रिज छोटा असताना हा मार्ग उपयोगी आहे, पण त्याने पुढची थंड साठवण टळत नाही, आणि नाजूक पिल्सनरसाठी मला १० अंशांवरची बिअर अजूनही अधिक आवडते.

या कामासाठी हल्ली पारदर्शक पीईटीचे दाब सहन करणारे फर्मेंटर मिळतात आणि आत काय चालले आहे ते दिसते, म्हणून ते शिकायला चांगले आहेत. त्यांची मर्यादा साधारण २.४ बार असते. अडीच व्हॉल्यूम वायू असलेली बिअर ३० अंशांपर्यंत तापली, तर आतला दाब २.६ बारच्या आसपास जातो. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली म्हणून हे होणार नाही, कारण बंद फ्रिजमध्ये भरलेले भांडे सावकाश तापते. पण तुमची खोली जनरेटरवर नसेल आणि मे महिन्यात तुम्ही गावी असताना कॉम्प्रेसर बंद पडला, तर हे नक्की होऊ शकते. त्यावरचा सुरक्षा व्हॉल्व्ह कधीही काढू नये, बंद करू नये, आणि भांड्यावर दिलेल्या मुदतीनंतर दाबाची चाचणी केल्याशिवाय ते वापरू नये. गरम पाणी आणि कॉस्टिक दोन्ही पीईटीला वर्ज्य आहेत.

राहिली भोसरीची टाकी. तिथे दुग्धव्यवसाय आणि औषधनिर्मितीसाठी भांडी करणारे कुशल कारागीर आहेत, त्यांच्या हाताबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार गरजेबद्दल आहे. शंकूचा तळ यीस्ट खाली गोळा करून काढून घेण्यासाठी असतो आणि लिओपोल्ड नाथन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुढे आणलेली ही कल्पना हजारो लिटरच्या टाकीत अतिशय सोयीची ठरली. २० लिटरमध्ये शंकू इतका लहान असतो की यीस्ट त्याच्या बाजूंना चिकटून राहते, मधून बिअरच आधी निघते आणि खालचा व्हॉल्व्ह उघडताना नळीतली हवा वर जाण्याची वाट मोकळी होते. शिवाय ज्या भीतीपोटी यीस्ट लवकर काढतात, म्हणजे मेलेल्या यीस्टचा मांसल वास बिअरमध्ये उतरण्याची भीती, ती १ अंशावर चार-सहा आठवड्यांच्या छोट्या बॅचमध्ये फारशी खरी ठरत नाही. निवळण्याच्या बाबतीतही उंच भांड्याचा फायदा नसतो. जुन्या ब्रुअरी लागरिंगच्या टाक्या आडव्या ठेवत, त्या यीस्टला खाली बसायला कमी अंतर असावे म्हणून.

दाबाचा मुद्दा मात्र सोयीपुरता नाही, जिवाचा आहे. ३० सेंटिमीटर व्यासाच्या सपाट झाकणावर एक बार दाब म्हणजे सातशे किलोंहून अधिक वजनाइतका जोर. दूध साठवण्यासाठी बनवलेल्या, कडीने बंद होणाऱ्या टाकीचे झाकण त्यासाठी नसते. दाबाची टाकी हवीच असेल, तर ती दाबासाठी आराखडा केलेली, पाण्याच्या दाबाने तपासलेली आणि सुरक्षा व्हॉल्व्ह बसवलेलीच घ्यावी. तिची किंमत पाहिल्यावर दोन केग फार स्वस्त वाटतील.

पुढे कधी बिनदाबाची टाकी करून घेतलीच, तर स्टील ३०४ ग्रेडचेच आहे याची खात्री करा. २०२ ग्रेड दिसायला सारखे असते आणि तेही चुंबकाला चिकटत नाही, त्यामुळे चुंबकाची परीक्षा इथे उपयोगाची नाही. मँगनीज ओळखणाऱ्या रसायनाचा थेंब टाकून स्टीलचे व्यापारी ते तपासून देतात. जोड टिग वेल्डिंगने, आतून आर्गॉन सोडून केलेले हवेत, नाहीतर आतल्या बाजूला जळून खडबडीत झालेल्या कडेवर जंतू बसतात. जोडण्या टीसी क्लॅम्पच्या, म्हणजे पकडीने बसणाऱ्या, ठेवा, आट्यांच्या नकोत. स्टीलचे कोणतेही भांडे, केगसुद्धा, ब्लीचने निर्जंतुक करू नका. त्यातल्या क्लोरीनने स्टीलला बारीक खड्डे पडतात. कॉस्टिक किंवा सोडियम परकार्बोनेटने धुऊन, खळखळून, पेरासिटिक किंवा फॉस्फरिक आम्लाच्या द्रावणाने निर्जंतुक करावे. बोअरवेलचे जड पाणी वापरत असाल तर आत पांढरट थर धरतो, तो अधूनमधून आम्लाने काढावा लागतो.

तर खरेदीचा क्रम असा ठेवा: आधी थर्मोस्टॅट आणि फ्रिजमधला पंखा, मग एक केग आणि स्पंडिंग व्हॉल्व्ह, त्यानंतर दुसरा केग आणि तरंगती नळी. पहिली बॅच तुमच्या बादलीतच आंबवून केगमध्ये उतरवली तरी चालेल. फक्त केग आधी निर्जंतुक द्रावणाने काठोकाठ भरून ते कार्बन डायऑक्साइडने बाहेर ढकला, बादलीच्या नळातून नळी थेट केगच्या द्रवाच्या पोस्टला जोडा आणि ही बदली गुरुत्वाचे तीन-चार अंक शिल्लक असतानाच करा, म्हणजे वाटेत शिरलेला ऑक्सिजन संपवायला यीस्ट जागे असेल. केग फ्रिजमध्ये ठेवल्यावर तापमान दिवसाला एक-दोन अंशांनी उतरवा, सिलिंडर जोडलेलाच राहू द्या, आणि थर्मोस्टॅट शून्याच्या खाली नेऊ नका, कारण पाच टक्के अल्कोहोलची बिअर उणे दोन अंशांच्या आसपास गोठू लागते आणि बर्फाच्या कप्प्याजवळचा केगचा माथा सेन्सरपेक्षा नेहमीच जास्त थंड असतो.